सभासद वर्गणी आणि सीझन तिकीट एकाच ‘कॉम्बो’त विकावे का?

आपल्या संगीत मंडळाने तिकीटविक्रीचे सॉफ्टवेअर नुकतेच घेतले आहे आणि आपण तीन गोष्टी विचारल्या आहेत : वर्गणीचे नूतनीकरण आपोआप होऊ द्यावे का, सीझन तिकिटावर किती टक्के सवलत ठेवावी, आणि दोन्ही मिळून एकच ‘कॉम्बो’ केला तर चालेल का. शेवटच्या प्रश्नाचे उत्तर आधी देतो. चालणार नाही, आणि कोणी कितीही आग्रह धरला तरी करू नका.

आमच्या मंडळात तिकिटांचे काम माझ्याकडे होते, तेव्हा तत्कालीन खजिनदारांनी हाच प्रस्ताव मांडला होता. लोकांकडे दोनदा पैसे मागितले की ते कंटाळतात, म्हणून वार्षिक वर्गणी आणि सहा मैफलींचे सीझन तिकीट एकाच रकमेत विकावे, असे त्यांचे म्हणणे होते. मी कार्यकारिणीत विरोध केला. इतिवृत्तात तो ‘सविस्तर चर्चा झाली’ एवढ्यावर आटोपला. कॉम्बो खपला, हे मान्य केले पाहिजे. परंतु आमच्या घटनेप्रमाणे चालू वर्षाची वर्गणी भरलेला प्रत्येक सभासद मतदानास पात्र असतो, आणि ते वर्ष निवडणुकीचे होते. वार्षिक सभेच्या दारात सह्या घेणाऱ्या कार्यकर्त्याच्या हाती सॉफ्टवेअरने काढून दिलेली यादी होती आणि तीत कॉम्बो घेतलेला प्रत्येक जण सभासद म्हणून उभा होता. एका गृहस्थांनी कार्यालयातील सहकाऱ्यांसाठी घेतलेल्या कॉम्बोंमुळे ते सगळे सहकारीही मतदार झाले होते. त्यांतील एक मुलगी सभेची सूचना मिळाली म्हणून भाबडेपणाने आली आणि मतपत्रिका हातात पडल्यावर तिने विचारले, “मला फक्त सतार ऐकायची होती, यात कुणावर खूण करायची?” त्यानंतर सभागृहात जो गदारोळ झाला, त्याचे इतिवृत्त मात्र चांगले चार पानी झाले.

त्याच हंगामात एक गायक आजारी पडल्याने एक मैफल रद्द झाली. परताव्याची मागणी आली, पण पावतीवर एकच रक्कम असल्याने परत किती द्यायचे ते कोणालाच सांगता येईना. खजिनदारांनी वर्गणी वजा करून उरलेल्या रकमेला सहाने भागले. श्रोत्यांचे म्हणणे असे की, त्या दिवसाचे तिकीट खिडकीवर सर्वांत महाग होते, तेव्हा परतावाही त्याच प्रमाणात हवा. श्रोत्यांचेच बरोबर होते.

म्हणून सॉफ्टवेअरमध्ये वर्गणी आणि सीझन तिकीट या दोन स्वतंत्र वस्तू ठेवा. त्या एकाच खरेदीत टाकून एकदाच पैसे भरता येतात, पावतीवर मात्र दोन ओळी येतात. म्हणजे खजिनदारांना हवी असलेली सोय कॉम्बोवाचूनही मिळत होती, हे मी तेव्हाही सांगितले होते. सीझन तिकिटाची रक्कम प्रत्येक मैफलीच्या खिडकीदराच्या प्रमाणात आतल्या आत विभागून ठेवा. खिडकीवर पाच मैफली 400 रुपयांच्या व एक 500 रुपयांची असेल, तर बेरीज 2,500 होते. सीझन तिकीट 2,000 ला दिले, तर पहिल्या पाचांचे 320 आणि सहावीचे 400 धरले जातात. परताव्याचा वाद तिथेच मिटतो.

नूतनीकरणात तारखेचा नियम सर्वांत महत्त्वाचा. 31 मार्चला मुदत संपणाऱ्या सभासदाने 10 मार्चला पैसे भरले, तर नवे वर्ष 1 एप्रिलपासून धरले जाते की 10 मार्चपासून, हे चाचणी करून पाहा. दुसरे होत असेल, तर वेळेआधी भरणाऱ्यालाच आपण दंड करत आहात. मोबाइल क्रमांक ही सभासदाची एकमेव ओळख ठेवू नका. आपल्याकडे पती-पत्नी दोघांचा एकच क्रमांक देण्याची पद्धत आहे आणि मग दोन सभासदांचा एक होऊन बसतो. आपोआप नूतनीकरणाबद्दल मी फारसा उत्साही नाही. रिझर्व्ह बँकेच्या नियमानुसार 15,000 रुपयांपर्यंतची अशी वसुली दर वेळी ओटीपी न मागता होऊ शकते, मात्र किमान 24 तास आधी ग्राहकाला सूचना जावी लागते. ती सूचना वाचून आमच्यासारख्या मंडळांचे ज्येष्ठ सभासद घाबरून फोन करतात. ज्याने स्वतः मागितले त्यालाच ती सोय द्यावी.

सवलतीच्या टक्क्यांवर मात्र सभा लांबवू नका. क्रमांकित खुर्च्या असतील, तर सीझनवाला श्रोता सवलतीसाठी येत नाही, आपल्या जागेसाठी येतो. त्याची गेल्या वर्षीची खुर्ची नूतनीकरणाच्या मुदतीपर्यंत राखून ठेवा, आठवण पाठवा, मुदत संपली की निष्ठुरपणे मोकळी करा. मग दहा टक्केही पुरतात. भारतीय बैठकीत जागेला क्रमांक नसेल, तर देण्यासारखी दुसरी गोष्ट उरत नाही आणि तिथे वीस टक्क्यांपर्यंत जाणे योग्य ठरते. पुण्याच्या सवाई गंधर्व महोत्सवासारखी दोन्ही प्रकारची आसने असतील, तर दोहोंना एकच टक्केवारी लावणे हा आळस आहे.

एक गोष्ट आधीच सांगायला हवी होती. संगीताच्या कार्यक्रमाच्या प्रवेशास माणशी 500 रुपयांपर्यंतच्या दराला जीएसटी माफ आहे आणि दर त्याहून अधिक असेल तर पूर्ण रकमेवर 18 टक्के लागतो, त्यामुळे करासह 550 रुपयांच्या तिकिटातून आपल्या हाती सुमारे 466 रुपयेच उरतात. करासह 501 ते 589 या पट्ट्यात दर ठेवला तर हाती 500 हूनही कमी उरतात, म्हणून त्यात काहीच अर्थ नाही. सीझन तिकिटाची एकूण रक्कम 500 च्या वर जाते आणि सॉफ्टवेअर ती ओळ पाहून आंधळेपणाने कर लावू शकते, तेव्हा त्याची मांडणी सीएकडून लेखी घ्या आणि मगच विक्री उघडा. अर्थात सेवांसाठी असलेल्या 20 लाखांच्या वार्षिक उलाढालीच्या मर्यादेत राहून आपल्या मंडळाने जीएसटी नोंदणी केलेली नसेल, तर हा परिच्छेद सोडून द्यावा. मतदार यादीचा मात्र सोडू नये : ‘मतदानास पात्र’ ही खूण विक्रीतून आपोआप लागता कामा नये, ती कार्यवाहांनी घटना समोर ठेवून हातानेच लावावी.