नवं एअर पिस्तूल? स्क्रूड्रायव्हर आधी बाजूला ठेवा

अभिनंदन! १० मीटर नेमबाजीसाठी सुरुवातीला एवढंच सांभाळा.

- ट्रिगर ओढायला लागणारा जोर ५०० ग्रॅमच्या खाली नेऊ नका. स्पर्धेत वजन लावून तपासतात, म्हणून थोडा जास्तच ठेवा.
- दोन छर्रे डावीकडे गेले की नवखे लगेच साइट (पिस्तुलावरची नेम धरायची खूण) स्क्रूने फिरवतात. बहुतेक वेळा ट्रिगर झटक्यात ओढलेला असतो किंवा ग्रिप दर वेळी वेगळी धरलेली असते. आधी ग्रिप हाताला नीट बसू द्या, दहा छर्ऱ्यांचा गट बघा, मगच साइटचा स्क्रू एखादा क्लिक फिरवा.
- नजर पुढच्या साइटवर. लक्ष्यावरचा काळा गोल धूसरच दिसायला हवा.

रोज पंधरा मिनिटं छर्ऱ्याविना सराव करा. मला सर्वाधिक फायदा त्याचाच झाला. पण त्याआधी पिस्तूल रिकामं असल्याची प्रत्येक वेळी डोळ्यांनी खात्री करा. छर्ऱ्यांची निवड, ट्रिगरचे टप्पे यावर सहा महिन्यांनी बोलू.