टीव्ही नवानवा होता त्या काळी राजघराण्याचा एखादा सोहळा त्यावर पाहिल्याचं कुणाला आठवतं का? कसं वाटलं होतं?

मला आठवतं. २ जून १९५३, एलिझाबेथ राणीचा राज्याभिषेक. अण्णा, म्हणजे माझे वडील, एफआरसीएस या सर्जनच्या परीक्षेसाठी लंडनला होते. आई आणि मी मागाहून बोटीनं गेलो. उत्तर लंडनमध्ये एका घराच्या वरच्या मजल्यावर आमचं बिऱ्हाड होतं. मी सात वर्षांचा होतो. तेव्हा पाहिलेलं काही लख्ख आठवतं, बाकीचं पुढे वाचून जुळवलंय.

टीव्ही घरमालकीणबाईंचा, खास राज्याभिषेकासाठी घेतलेला. त्या दिवसांत अख्ख्या ब्रिटनमध्ये लोकांनी याच निमित्तानं टीव्ही घेतले, कुणी विकत, कुणी भाड्यानं. भलीमोठी लाकडी पेटी, तिला दारं, आणि आत काच जेमतेम बारा इंची. चित्र मोठं दिसावं म्हणून पुढ्यात एक जाडजूड भिंग लावलेलं. नेमकं समोर बसलं तरच त्यातून धड दिसायचं. कडेला बसलेल्यांना राज्याभिषेक करणाऱ्या आर्चबिशपांचं, म्हणजे मुख्य धर्मगुरूंचं, तोंड फुगलेलं दिसत होतं. म्हणून पोरांना पुढे जमिनीवर, मोठ्यांना मागे खुर्च्यांवर आणि उशिरा आलेल्यांना दारात, अशी व्यवस्था होती. भर दिवसा पडदे ओढून खोलीत अंधार केलेला. बाहेर पाऊस आणि जूनमध्येही हुडहुडी.

साखर तेव्हा रेशनवर होती. राज्याभिषेकानिमित्त माणशी एक पौंड जादा मिळाली आणि आईनं तिचे रव्याचे लाडू केले. लोणीसुद्धा रेशनचंच, ते साठवून कढवलेलं. शेजारच्या आजोबांनी एक लाडू बशीत घेतला, सुरी मागितली, नीट चार फोडी केल्या आणि काट्यानं खाल्ल्या. आईला हसू आवरेना.

प्रक्षेपण सकाळी सव्वादहाला सुरू झालं ते संध्याकाळी पाचच्या पुढे गेलं. खरं सांगू का, मला कंटाळा आला. वेस्टमिन्स्टर ॲबीमधला विधीच जवळपास तीन तासांचा. त्यात कॅमेरे आत येऊच द्यायचे नाहीत असं आधी ठरलं होतं. लोकांनी ओरड केल्यावर परवानगी मिळाली, पण अटी घालून. चेहरा फार जवळून दाखवायचा नाही, आणि राणीला पवित्र तेल लावतात तो विधी तर अजिबात नाही. सगळं करड्या रंगात. राणी कुठली आणि मागच्या सरदारणी कुठल्या, हे मला घोडागाडीतून उतरेपर्यंतच कळत होतं. घोडे मात्र आवडले. सोन्याच्या रथाला आठ, पांढरेशुभ्र दिसणारे. चार वर्षांचा चार्ल्स आजी आणि मावशीच्या मधे उभा होता. तोही माझ्याइतकाच कंटाळलेला दिसल्यावर जरा बरं वाटलं.

त्याच्या आजीच्या मुकुटात कोहिनूर होता. अण्णा पुढे वाकून म्हणाले, "तो बघ, आपला हिरा." मी भिंगातून डोळे फाडून पाहिलं. एक पांढरा ठिपका. पडद्यावर तसे ठिपके पुष्कळ होते.

अण्णांचं खरं लक्ष होतं शपथेकडे. आर्चबिशपांनी राणीला विचारलं की या या देशांच्या लोकांवर त्यांच्या कायद्यांनुसार राज्य करशील का, आणि यादी वाचली: ग्रेट ब्रिटन, उत्तर आयर्लंड, कॅनडा, ऑस्ट्रेलिया, न्यूझीलंड, दक्षिण आफ्रिका, पाकिस्तान, सिलोन. संपली. अण्णांनी आईकडे पाहिलं आणि मराठीत म्हणाले, "आपण नाही." आपण १९५० सालीच प्रजासत्ताक झालो होतो, राष्ट्रकुलात असलो तरी राणी आपली नव्हती. पंडित नेहरू तिथे हजर होते, पण पाहुणे म्हणून. गंमत म्हणजे राणीच्या झग्यावर राष्ट्रकुलातल्या देशांची फुलं-पानं भरली होती, त्यात भारताचं कमळ होतं. हे मी कितीतरी वर्षांनी वाचलं. बारा इंची काचेवर कमळ काय आणि कोबी काय!

शेवटी राष्ट्रगीत लागलं तशी अख्खी खोली उठून उभी राहिली. टीव्हीसमोर, बैठकीच्या खोलीत! अण्णाही उभे राहिले. बेचाळीसच्या चळवळीत येरवड्याला जाऊन आलेला माणूस. वर आल्यावर आईनं टोमणा मारलाच. अण्णा शांतपणे म्हणाले, "ज्यांच्या घरी चहा प्यायला, त्यांच्या आरतीला उभं राहावं."

त्यांच्या लेखी त्या दिवसाची मोठी बातमी वेगळीच होती. हिलरी आणि तेनसिंग एव्हरेस्टवर पोचल्याचं त्याच सकाळी लंडनला कळलं होतं. लाडू देताना ते प्रत्येकाला तेनसिंगबद्दल सांगत होते. दुपारच्या मिरवणुकीत भर पावसात टोंगा या बेटांच्या देशाच्या राणी सालोटे उघड्या गाडीतून हसत, हात हलवत गेल्या, तेव्हा खोलीत सगळ्यात मोठा गलका झाला.

त्या दिवशी ब्रिटनमध्ये दोन कोटींवर लोकांनी हे टीव्हीवर पाहिलं म्हणतात, आणि त्यातले निम्मे आमच्यासारखे दुसऱ्याच्या घरी बसून. पुण्याला परतल्यावर शाळेत सांगितलं तर पोरांनी मला थापाड्या ठरवलं. त्यांचाही दोष नाही, मुंबई दूरदर्शन सुरू व्हायला १९७२ चा ऑक्टोबर उजाडावा लागला.

२०२३ च्या मे महिन्यात चार्ल्सचा राज्याभिषेक नातीबरोबर पाहिला, मोठ्या पडद्यावर आणि रंगीत. तेल लावायच्या वेळी या खेपेलाही आडोसा होता. शपथेत एकेका देशाचं नाव घ्यायच्या ऐवजी 'इतर राज्ये' एवढ्यावर भागवलं. कॅमिलाच्या मुकुटात कोहिनूर नव्हता. नातीनं मधेच विचारलं, "आबा, हे फॉरवर्ड करता येतं का?" मी म्हटलं, लाइव्ह आहे. ती उठून गेली.