कंटाळा आला, पण कुठे?

प्रिय,

तुझं टिपण वाचलं. चार गाजलेले सिनेमे आणि चौघांना मिळून एकच शेरा: ‘भारी आहे, पण स्लो आहे.’ आणि तळाशी, बारीक अक्षरात, ‘मावशी, मला यातलं कळत नाही का?’

कळतं रे. आणि कंटाळा आला तर तो लपवू नकोस. पुण्यात कंटाळा लपवायची जुनी परंपरा आहे. फिल्म क्लबचा खेळ सुटल्यावर टपरीवर माना डोलावणारे सगळेच आत जागे होते असं समजू नकोस. मात्र ‘स्लो’ म्हणून मोकळा होऊ नकोस. कंटाळा नेमका कुठे आला ते शोध. कुठल्या दृश्यात घड्याळ पाहिलंस? पडद्यावर तेव्हा काय चाललं होतं? आणि तू कशाची वाट बघत होतास? या तिसऱ्या प्रश्नाचं उत्तर प्रामाणिकपणे लिहिलंस की निम्मं परीक्षण झालंच.

‘ऑल वी इमॅजिन ॲज लाइट’ घेऊ. पायल कपाडिया आपल्या इथल्या फिल्म इन्स्टिट्यूटमध्ये शिकलेली. 2024 मध्ये तिचा हा सिनेमा फ्रान्समधल्या कान महोत्सवाच्या मुख्य स्पर्धेत गेला, तीस वर्षांनी गेलेला भारतीय सिनेमा, आणि ग्रां प्री, म्हणजे तिथलं दुसऱ्या क्रमांकाचं पारितोषिक, घेऊन आला. तू लिहितोस, ‘कोकणात गेल्यावर काही घडत नाही.’ बरं. पण त्याआधी मुंबईत जे घडलं त्याबद्दल तुझ्या टिपणात अवाक्षर नाही. परदेशी असलेल्या, बोलणंच बंद झालेल्या नवऱ्याकडून बहुधा आलेला, जर्मनीत बनलेला एक लालभडक राइस कुकर मुंबईत नर्स असलेल्या प्रभाच्या घरी येतो. रात्री ती खाली बसते आणि त्या कुकरला कवटाळते. संवाद नाही, हुंदका नाही. एका भांड्याला मारलेली मिठी आपण बघत राहतो आणि या बाईचं लग्न कुठवर आलंय ते आपल्याला समजतं. हे मनात राहिलं असेल तर पुढे समुद्रातून वाचवलेल्या परक्या माणसात ती नवरा का बघते ते वेगळं सांगावं लागत नाही. निसटलं असेल तर मात्र तो भाग लांबणारच.

गंमत म्हणजे तो किनाऱ्यावरचा भाग मलाही जरा जास्त स्वप्नाळू वाटतो. माझा जीव प्रभाच्या हॉस्पिटलात काम करणाऱ्या पार्वतीत, म्हणजे छाया कदमच्या भूमिकेत, अडकला होता. राहत्या घराची कागदपत्रं नाहीत म्हणून बिल्डर हिला हुसकावणार, आणि ही त्याच्या जाहिरातीच्या फलकावर दगड भिरकावते! सिनेमाने तिच्यापाशी आणखी थांबायला हवं होतं. म्हणजे तक्रार तुझीही आणि माझीही, फक्त मी माझी बोट ठेवून दाखवू शकते.

‘द झोन ऑफ इंटरेस्ट’ तू लॅपटॉपवर पाहिलास म्हणे, हॉस्टेलच्या खोलीत, पंखा चालू ठेवून. मग त्यावरचं तुझं मत मी सध्या बाजूला ठेवते. आउश्वित्झच्या नाझी मृत्युछावणीची भिंत हीच तिच्या प्रमुखाच्या घराच्या बागेची भिंत आहे. त्याची बायको पाहुण्यांना फुलं दाखवते, मुलं पाण्यात डुंबतात आणि भिंतीपलीकडून गोळ्या, आरोळ्या आणि एक न थांबणारी घरघर येत राहते. आत काय चाललंय ते कॅमेरा दाखवतच नाही, तो अख्खा सिनेमा कानांनी बघायचा आहे. ऑस्करमध्ये ध्वनीचा पुरस्कार त्याला उगाच नाही मिळाला. निदान बरे हेडफोन लाव, दिवा मालव, आणि पुन्हा बघ.

‘परफेक्ट डेज’ तुला सर्वांत आवडला, आणि इथे मी भांडणार. कोजी याकुशो थोर नट, कानचा अभिनयाचा पुरस्कार त्याला मिळाला तो योग्यच. शेवटी गाडी चालवताना त्याच्या चेहऱ्यावर हसू आणि रडू एकमेकांत मिसळतं, ते मी कितीही वेळा बघेन. पण टोकियोतली सार्वजनिक स्वच्छतागृहं साफ करणाऱ्या माणसाची ही गोष्ट, आणि घाण कुठे आहे? मूळ निमंत्रणच दिग्दर्शक विम वेंडर्सला नामवंत वास्तुरचनाकारांनी बांधलेल्या तिथल्या स्वच्छतागृहांवर काही करण्याचं होतं, आणि ते जाणवतं. मंडईच्या मागे पहाटे झाडू मारणाऱ्या बाईला हा सिनेमा दाखवला तर ती काय म्हणेल, हा प्रश्न मला सोडत नाही. साधेपणा सुंदर दिसतो तेव्हा तो कोणाला परवडतो तेही बघावं. पटलं नाही तर खुशाल उलट लिही.

‘होमबाउंड’बद्दल तू पहिल्याच ओळीत टाळ्या किती मिनिटं वाजल्या ते लिहिलंस. ते काढ. महोत्सवात टाळ्या वाजतात, बातमीदार मिनिटं मोजतात, त्यातून सिनेमाबद्दल काहीही कळत नाही. दिग्दर्शक नीरज घायवानचं बळ बघायचं तर पोलिसभरतीच्या अर्जापाशी थांब. अर्जात जात लिहावी की नाही या घोळात पडलेला दलित पोरगा, एवढाच ऐवज. त्यातली भीती भाषणाने आली नसती. आणि जिथे पात्रं भाषणासारखं बोलायला लागतात तिथे माझी पकड सुटते. तशी दोन-तीन ठिकाणं आहेत, तुझी तू शोध.

आता ‘सबर बोंडं’. हा तू अजून पाहिलेला नाहीस, याचं मला खरंच आश्चर्य वाटलं. रोहन परशुराम कानवडे यांचा हा पहिला मोठा सिनेमा. जानेवारी 2025 मध्ये अमेरिकेतल्या सनडान्स महोत्सवात परदेशी कथापटांच्या विभागात परीक्षकांचं सर्वोच्च पारितोषिक त्याला मिळालं. मराठी सिनेमाला तिथे हा मान पहिल्यांदाच. मुंबईत नोकरी करणारा आनंद वडील गेल्यावर दहा दिवसांच्या सुतकासाठी गावी जातो. नातेवाइकांचं एकच पालुपद, लग्न कधी करतोस. तिथे त्याला लहानपणचा मित्र बाळ्या भेटतो, आणि दोघं जवळ येतात.

आपल्या सिनेमात अशा वेळी काय होतं ते तुला पाठ आहे: मुलगा कबुली देतो, आई ऊर बडवते, बाप दार लावून घेतो. इथे आईवडिलांनी मुलाला आधीच समजून घेतलेलं आहे. नेहमीचं नाट्यच काढून टाकल्यावर उरतं काय? सुतकातलं घर उरतं. भिंतीला टेकून बसलेले भाऊबंद, काय खायचं नि काय नाही याचे नियम, दुपारची कंटाळवाणी शांतता. पार्श्वसंगीत नाही. कुठल्या क्षणी गहिवरायचं ते व्हायोलिन सांगणार नाही, तुझं तुलाच ठरवावं लागेल. आपल्यापैकी बहुतेकांनी असं सुतक पाळलेलं आहे, त्यामुळे तो वेळ किती चिकट असतो हे आपल्याला कोणी शिकवायला नको. इथे ‘स्लो’ म्हणायच्या आधी स्वतःच्या आजोळचे ते दिवस आठव.

पुरस्कारांचा धाक मात्र बाळगू नकोस, आणि पुरस्कार मिळाला म्हणून नाक मुरडण्याचा पुणेरी रोगही जडवून घेऊ नकोस. प्रभातचा ‘संत तुकाराम’ 1937 मध्येच व्हेनिसच्या महोत्सवात गौरवला गेला होता. आज तो बघ, आवली चप्पल घेऊन थेट विठोबावर चालून जाते तिथे अजूनही माणसं पुढे सरसावून बसतात. तो झाला त्याच आवारात आता फिल्म इन्स्टिट्यूट आहे, तुझ्या हॉस्टेलपासून रिक्षाने किती लांब?

रसास्वाद शिबिराचं विचारलंस. इन्स्टिट्यूट आणि फिल्म अर्काइव्हचं चांगलं असतं, जमलं तर कर, पण त्यासाठी थांबून राहू नकोस. अर्काइव्हच्या थिएटरात होणाऱ्या खेळांवर लक्ष ठेव. पुण्याच्या जानेवारीतल्या चित्रपट महोत्सवाची नोंदणी सुरू झाली की लगेच कर, आणि दिवसाला पाच सिनेमे ठोकू नकोस, तिसऱ्यानंतर सगळे एकमेकांत मिसळतात. दोन बघ, मध्ये जेव.

‘परफेक्ट डेज’वर तुझं उत्तर आलं की बाकीच्या तिघांवर पुन्हा बोलू. प्रत्येकातलं एकच दृश्य घे, आणि ‘भारी’ हा शब्द न वापरता लिही.

तुझी,
मावशी