'द मँचुरियन कँडिडेट'मध्ये दाखवलेले मनावर ताबा मिळवण्याचे प्रयोग खरंच झाले होते का?

प्रयोग झाले होते. चित्रपटात दिसतो तसा ताबा मात्र कुणालाच मिळवता आला नाही.

१९६२च्या या चित्रपटात कोरियन युद्धात पकडलेल्या एका अमेरिकन सैनिकाचं मन शत्रू असं घडवतो, की चौकटची राणी दिसली की तो सांगाल ते करतो, खूनसुद्धा, आणि नंतर त्याला काहीच आठवत नाही. कम्युनिस्टांकडे असं काही तंत्र आहे, ही धास्ती तेव्हा अमेरिकेत खरोखर होती. त्याच धास्तीपोटी एप्रिल १९५३मध्ये सीआयए या अमेरिकी गुप्तहेर संस्थेचे प्रमुख ॲलन डलेस यांनी 'एमके-अल्ट्रा' प्रकल्पाला मंजुरी दिली. सूत्रं सिडनी गॉटलिब या रसायनतज्ज्ञाकडे होती. माणसांना नकळत एलएसडी हे भास घडवणारं रसायन पाजलं गेलं. लष्करी शास्त्रज्ञ फ्रँक ओल्सन यांना त्याच वर्षी नोव्हेंबरमध्ये ते मद्यातून दिलं. काही दिवसांनी न्यूयॉर्कच्या हॉटेलच्या खिडकीतून पडून त्यांचा मृत्यू झाला. तो अपघात, आत्महत्या की खून, हा वाद अजून मिटलेला नाही.

मला सगळ्यात जास्त अस्वस्थ करतं ते कॅनडातलं मॉन्ट्रियल. तिथल्या ॲलन मेमोरियल इन्स्टिट्यूटमध्ये डॉ. युएन कॅमेरॉन यांच्याकडे लोक नैराश्यावर, चिंतेवर इलाज करून घ्यायला यायचे. त्यांना औषधांनी दिवसेंदिवस झोपवून ठेवलं जाई, विजेचे जबर झटके दिले जात आणि टेपवर एकच वाक्य हजारो वेळा ऐकवलं जाई. जुनं मन पुसायचं आणि नवं लिहायचं, अशी कल्पना. पुसलं गेलं. काहींना स्वतःची मुलं ओळखता येईनात. नवं मात्र काहीच लिहिता आलं नाही. या कामाला सीआयएचा पैसा आडवाटेने पोचत होता, आणि रुग्णांना त्याचा पत्ताही नव्हता.

१९७३मध्ये सीआयएने या प्रकल्पाच्या फायली नष्ट केल्या. हिशेबाची कागदपत्रं वेगळीकडे ठेवलेली असल्याने वाचली आणि १९७७मध्ये सापडली. आज आपल्याला कळतं त्यातलं बरंचसं त्यांतूनच. कॅमेरॉन यांच्या नऊ रुग्णांच्या खटल्यात १९८८मध्ये तडजोड झाली, सगळ्यांना मिळून साडेसात लाख डॉलर.

चित्रपट जरूर बघा, पण १९६२चाच. २००४ची आवृत्ती मला त्या तोडीची वाटली नाही. बागकामावरच्या भाषणाचा प्रसंग आला की मोबाइल बाजूला ठेवा. कॅमेरा गोल फिरतो आणि श्रोत्या बायकांच्या जागी लष्करी अधिकारी दिसू लागतात. सैनिकांना मात्र अजून बायकाच दिसताहेत.