फॉन्ट बदलला, मग नावही बदला

प्रश्न : सांगलीत गणपती पेठेत आमचा छापखाना आहे. हळदीच्या लेबलांसाठी एका मुक्त फॉन्टमधले हिंदी वळणाचे 'ल' आणि 'श' आम्ही मराठी वळणाचे केले. आता तो इतरांना द्यायचाय, पण परवान्यात 'राखीव नाव' अशी अट आहे. मग हा मुक्त कसला?

उत्तर : मुक्तच. अशी अट असलेला मुक्त फॉन्टांचा परवाना, ओपन फॉन्ट लायसन्स, फॉन्ट बदलू देतो, वाटू देतो. फक्त बदललेल्या फॉन्टला राखीव नाव, म्हणजे मूळ कर्त्याने राखून ठेवलेलं नाव, लावायचं नाही. डेबियन या मुक्त सॉफ्टवेअर प्रकल्पाने मुक्त कशाला म्हणायचं याचे निकष १९९७ मध्ये ठरवले, त्यांतलं चौथं कलमही नाव बदलण्याची अट मान्य करतं. मूळ सोर्स कोड तसाच ठेवा, दुरुस्ती वेगळ्या पॅचने (फक्त बदल असलेल्या फाइलने) द्या, ही अटही चालते. ती तडजोड आहे, हे कलमातच कबूल केलंय. 'बदल करूच नका' म्हणणारं फुकट सॉफ्टवेअर मात्र या निकषांत बसत नाही.

नुसतं फाइलचं नाव बदलून भागत नाही. फॉन्टफोर्ज या फॉन्ट बनवण्या-बदलण्याच्या सॉफ्टवेअरमध्ये 'एलिमेंट' मेनूतून 'फॉन्ट इन्फो' उघडा. फॉन्टनेम, फॅमिली नेम, नेम फॉर ह्यूमन्स तिन्ही बदला, तिथलाच 'टीटीएफ नेम्स' हा भागही तपासा. नाहीतर गिऱ्हाइकाकडे जुना फॉन्ट असला की दोघांची गल्लत होते आणि छापताना पुन्हा हिंदी 'ल' उमटतो. परवाना तोच ठेवा, त्याची प्रत आणि मूळ कॉपीराइटची ओळ सोबत द्या. सुटा फॉन्ट विकता येणार नाही. लेबलं खुशाल विका.