३४००चा पीक, पावसाळा आणि तुमचं बेंझोफिनोन

तुमची पोस्ट वाचली आणि हातातलं काम ठेवून लिहायला बसले. बेंझोफिनोन हे कीटोन बनवायला बेंझहायड्रॉल या अल्कोहोलचं ब्लीचने ऑक्सिडेशन केलंत, टीएलसीवर (शुद्धता पाहायच्या पातळ थराच्या चाचणीवर) एकच ठिपका, मेल्टिंग पॉइंट ४७-४८. आणि बाहेरून करून आणलेल्या आयआर (इन्फ्रारेड स्पेक्ट्रम) रिपोर्टवर ३४००च्या पीकवरून शेरा आहे, 'ओएच ग्रुप प्रेझेंट', म्हणजे अल्कोहोल उरलंय (आयआर पीकचे आकडे सेमी⁻¹मध्ये). शिवाय १७१५ला, कीटोनच्या कार्बोनिलच्या (सी=ओ) जागी, काहीच नाही. त्यामुळे गाईड म्हणतात, रिअ‍ॅक्शन झालीच नाही, परत करा.

माझं मत: इतक्यात परत करू नका. (मी क्यूसीमध्ये, म्हणजे क्वालिटी कंट्रोलमध्ये, वर्षं काढली आहेत, संशोधक नाही. तुमचा स्पेक्ट्रम मी पाहिलेला नाही, शेवटचा शब्द गाईडचाच.)

१७१५चं आधी उरकते. तो आकडा साध्या कीटोनचा. तुमच्या कार्बोनिलला दोन्ही बाजूंनी फिनाइल आहे, त्यामुळे तो १६६०च्या आसपास उतरतो. तिथे पाहा, आणि १२७७च्या जवळ एक जोरदार पीक आहे का तेही पाहा. डायअरिल कीटोनला तो असतोच.

आता ३४००. पेलेट (सॅम्पल मिसळून दाबलेली चकती) कुठल्या महिन्यात केली? जुलैत, मुंबईत, केबीआरमध्ये (पोटॅशियम ब्रोमाइड). केबीआर हवेतलं पाणी ओढून घेतो, आणि पाण्याचे दोन पीक येतात: ३४००ला रुंद आणि १६४०ला. हा १६४०चा तुमच्या १६६०ला येऊन चिकटतो, म्हणून कार्बोनिल बोथट, पसरट दिसतो. मग वाचणाऱ्याला ओएच ठळक दिसतो आणि कार्बोनिल संशयास्पद वाटतो.

माझ्याबाबतीत हेच झालं होतं. एमएस्सीच्या प्रोजेक्टमध्ये बीटा-नॅफ्थॉलचं अ‍ॅसिटिलेशन होतं. फेरिक क्लोराइडने हिरवा रंग येणं बंद झालं होतं, म्हणजे मोकळं फिनॉल उरलं नव्हतं. अरिल अ‍ॅसिटेटचा कार्बोनिल १७६०च्या जवळ स्वच्छ उभा होता. तरी ज्या टेस्टिंग सेंटरकडे सॅम्पल दिलं होतं त्यांनी लिहून दिलं, 'फ्री ओएच, रिअ‍ॅक्शन इनकम्प्लीट', खाली सही-शिक्का. शिक्क्याचा कागद आला की टेस्ट ट्यूबमधल्या रंगाला कोण विचारतं?

मी तिथे जाऊन एवढंच मागितलं की नुसत्या केबीआरच्या पेलेटचा स्पेक्ट्रम दाखवा आणि माझी डेटा फाइल द्या. उत्तर: प्रिंट मिळतो, फाइल मिळत नाही. ब्लँक? 'बॅकग्राउंड मशीन आपोआप वजा करतं.' हे वाक्य मी आजही विसरलेले नाही, कारण ते अर्धवट आहे. बॅकग्राउंड रिकाम्या चेंबरचं घेतलं तर हवेतली वाफ आणि कार्बन डायऑक्साइड वजा होतो. पेलेटच्या आत शिरलेलं पाणी तसंच राहतं. केबीआरची बाटली ओट्यावर उघडी असायची आणि तीच सगळ्यांना वापरायची. त्या पावसाळ्यात तिथून आलेल्या माझ्या मैत्रिणींच्या कागदांवरही ३४०० होता, अल्कोहोल असो नसो. शेवटी दुसऱ्या लॅबमधल्या एका सीनियरने सुकवलेल्या केबीआरमध्ये माझं तेच सॅम्पल चालवून दिलं आणि ओएच गायब झाला. तोवर सत्र संपत आलं होतं, चांगलं प्रॉडक्ट 'अपूर्ण' समजून पुन्हा पुन्हा अ‍ॅसिटिक अ‍ॅनहायड्राइडमध्ये टाकण्यात गेलं होतं. ते नुकसान कोणी भरून दिलं नाही. पैसे घेऊन सेवा देणाऱ्याने ब्लँक दाखवायला नकार देणं मला आजही मान्य नाही.

म्हणून पहिली मागणी ब्लँकची. त्याच दिवशी, त्याच बाटलीतल्या केबीआरची, सॅम्पल न घालता केलेली पेलेट. ३४०० आणि १६४० तिच्यातही तसेच दिसले तर प्रश्न मिटला. दुसरी मागणी, बेंझहायड्रॉलही त्याच केबीआरमध्ये चालवा. खरं अल्कोहोल असेल तर त्याला सी-ओचा पीक हवा, तो बेंझहायड्रॉलमध्ये १०२०च्या आसपास ठळक असतो. बेंझोफिनोनलाही तिथे रिंगचे बारीक पीक आहेत, त्यामुळे नुसता 'आहे-नाही' शोधू नका, दोन आलेख एकावर एक ठेवून उंची पाहा. शिवाय बेंझोफिनोनमध्ये सगळे हायड्रोजन रिंगवरचे, म्हणून ३०००च्या खाली, २८०० ते ३०००मध्ये ठळक काही नको. असलंच तर ग्रीस किंवा राहिलेलं सॉल्व्हंट.

रिपोर्टवर लायब्ररीची 'मॅच' ठळक छापलेली असते, तिच्यावर विसंबू नका. ते आलेखांच्या साम्याचं गणित आहे. पाण्याचा डोंगर मधे आला की यादीत अल्कोहोल वर चढतात. तुलना हवी तर जपानच्या एसडीबीएस या मोफत संग्रहात दोन्ही संयुगं शोधून स्वतःच्या डोळ्यांनी पाहा.

स्वतः पेलेट करायची सोय असेल तर केबीआर ११० अंशांवर काही तास ओव्हनमध्ये, मग डेसिकेटरमध्ये. सॅम्पल १ ते २ मिलिग्रॅम, केबीआर साधारण २००. अगेटच्या खलात इतकं बारीक करा की चकाकी दिसणार नाही, नाहीतर बेसलाइन तिरकी येते. पण आयआर दिव्याखाली सॅम्पल फार वेळ ठेवू नका. तुमचं संयुग ४८लाच वितळतं, ते खलाला चिकटून बसेल.

त्यापेक्षा एटीआर (सॅम्पल थेट क्रिस्टलवर ठेवायची सोय) असलेलं मशीन मिळालं तर तेच घ्या, केबीआरचा त्रासच संपतो. हिऱ्याच्या क्रिस्टलवर १९०० ते २३०० हा भाग खडबडीत येतो, तिकडे लक्ष देऊ नका. २३५०ची जोडी दिसली तर ती खोलीतल्या माणसांच्या श्वासातल्या कार्बन डायऑक्साइडची. नायट्राइल त्याच्या खाली, २२१० ते २२६०मध्ये येतं. डायक्लोरोमिथेनमध्ये विरघळवून थेंब टाकणार असाल तर पूर्ण उडू द्या. त्याचा १२६५चा पीक तुमच्या १२७७शी गल्लत करतो. क्रिस्टल अ‍ॅसिटोनने पुसला असेल तर तोही उडू द्या, नाहीतर नेमका १७१५ उगवेल आणि गाईड खूश होतील, चुकीच्या कारणाने.

एनएमआरची (रेणूतले हायड्रोजन दाखवणाऱ्या स्पेक्ट्रमची) पाळी मिळाली तर हा सगळा वाद पाच मिनिटांत मिटेल: बेंझहायड्रॉलचा सीएच ५.८ पीपीएमच्या आसपास दिसतो, बेंझोफिनोनला तिथे काहीच नाही. पण पाळी मिळेपर्यंत सॅम्पल वाया घालवू नका, बाटली घट्ट लावून ठेवा.

गाईडशी बोलताना रिपोर्ट खोटा आहे असं म्हणू नका, ते उगाच अडून बसतील. ब्लँक, बेंझहायड्रॉल आणि तुमचं प्रॉडक्ट, तिन्ही आलेख एकाच स्केलवर समोर ठेवा आणि मेल्टिंग पॉइंट बाजूला लिहा. सेंटरने फाइल द्यायला नकार दिला तर तो लेखी मागा. आलेख हाती आले की इथे टाका, ११०० ते १००० हा भाग कापू नका.