आबाजींशी बोलायला विषय द्या

नेदरलँड्समधल्या युट्रेक्टहून एका ताईंचं पत्र आलं आहे. सासरे यवतमाळ जिल्ह्यातल्या गावात एकटे राहतात. दर रविवारी व्हिडिओ कॉल होतो. दहा वर्षांचा मुलगा समोर येतो, "आबाजी, कसे आहात?" विचारतो. ते म्हणतात, "बरा आहो. जेवला का, बाप्पा?" आणि मग दोघंही गप्प. मुलाचं मराठी कच्चं आहे म्हणून असं होतं का, त्याला क्लास लावू का, असं ताई विचारतात.

ताई, क्लास जरूर लावा. पण मला वाटतं, अडचण भाषेची कमी आणि विषयाची जास्त आहे. तब्येत आणि जेवण यांवर आमच्या गावातली माणसंही पारावर फार वेळ बोलत नाहीत. कोणाची डवरणी, म्हणजे पिकातली कोळपणी, राहिली, नागपूरच्या मॅचचं काय झालं, असं काही निघालं की मग तास जातो.

माझी नात मेलबर्नला असते. दोन वर्षं आमचंही असंच चाललं होतं. एकदा फोन आला तर पोरगी रडकुंडीला आलेली, सायकलची चेन उतरली होती. मी म्हटलं, "आधी मागच्या चक्रावर चेन बसव, मग पुढच्या दात्यांत अडकव आणि पायडल हळू फिरव." ती म्हणाली, "आबाजी, माझ्या सायकलला गिअर आहेत, मागचा दांडा पुढे ढकलावा लागतो, मग चेन सैल होते." हे मला ठाऊक नव्हतं. तिनं करून दाखवलं. मग मी तिला सांगितलं की मी तिच्याएवढा असताना सीटवर पाय पुरत नसत, म्हणून दांड्याखालून पाय घालून कैची मारत शाळेत जायचो. तिला ते खरंच वाटेना. मी शेजारच्या पोट्ट्याला अंगणात बोलावून, जुनी सायकल देऊन कैची मारून दाखवायला लावली. त्या दिवशी आम्ही पाऊण तास बोललो. तिचे शब्द अडत होते, मध्येच इंग्रजी येत होतं, पण ते आम्हा दोघांच्याही लक्षात आलं नाही.

तुमचा मुलगा तर सायकलींच्या देशात राहतो. रोज शाळेत सायकलनं जात असेल, तर त्याला रस्ता दाखवू द्या: कालवा कुठं लागतो, वारा समोरून आला की काय करतो. आणि आबाजींना विचारू द्या की गावाहून तालुक्याला जाताना पंचर झालं तर ते काय करायचे.

क्रिकेटची गोडी असेल तर आणखी सोपं. विदर्भानं रणजी करंडक पहिल्यांदा 2017-18 मध्ये जिंकला, इंदूरला दिल्लीला हरवून. त्याआधीची कितीतरी वर्षं हार बघितलेल्या माणसाला त्या दिवशी काय वाटलं, हे नातवानं विचारावं. 2024-25 चा अंतिम सामना नागपुरात केरळशी झाला. तो अनिर्णित राहिला, तरी पहिल्या डावातल्या 37 धावांच्या आघाडीवर करंडक आपल्याकडे आला. हे कसं, ते समजावून सांगायला आबाजींना दोन रविवार पुरतील.

गाण्याचं मी थोडक्यात सांगतो. आबाजींच्या गावात सायंकाळी सामुदायिक प्रार्थना होत असेल, तर एखाद्या रविवारी त्या वेळी फोन लावा. हिवाळ्यात तुमच्याकडे दुपारचे अडीच वाजतात तेव्हा इथं सात वाजलेले असतात. खंजिरी प्रत्यक्ष वाजताना मुलाला ऐकू द्या. शब्द नाही कळले तरी चालेल.

झाडांचं मात्र विसरू नका. फाल्गुनात इथं पळस पेटतो, मग मोहाची फुलं पडतात. मुलाला खिडकीबाहेरचं एक झाड निवडायला सांगा. त्याला पानं कधी फुटली, हे आबाजींना सांगायचं काम त्याचं.

बातम्यांबद्दल एक कळकळीची विनंती आहे. पक्षांचे वाद मुलांसमोर फोनवर घालू नका, त्यातून घराघरांत अबोले झालेले मी पाहिले आहेत. कापसाचं बोला. ऑगस्ट 2025 मध्ये सरकारनं आयात कापसावरचं 11 टक्के शुल्क काढलं आणि ती सूट पुढं डिसेंबरअखेरपर्यंत वाढवली. त्या हंगामात लांब धाग्याच्या कापसाचा हमीभाव क्विंटलला 8,110 रुपये होता, पण ओलावा 8 टक्क्यांवर गेला की सरकारी खरेदीत पैसे कापले जातात आणि 12 च्या वर कापूस घेतच नाहीत. पावसात भिजलेली बोंडं वेचणाऱ्याला हे रोज सोसावं लागतं. मुलाच्या अंगातला टी-शर्टही बहुधा सुतीच असेल. त्याला विचारू द्या, "आबाजी, आपल्या वावरात किती क्विंटल झाला?" या प्रश्नाला म्हातारा माणूस "बरा आहो" म्हणून थांबणार नाही.

आणि बुद्धिबळ. नागपूरच्या दिव्या देशमुखनं 2025 मध्ये 19 व्या वर्षी महिलांचा विश्वचषक जिंकला, तेव्हापासून आमच्या गावातही पट निघाले आहेत. दिवसाला एक चाल मेसेजवर पाठवायची, एवढंच. एक सांभाळा: पारावरच्या जुन्या डावात प्यादं पहिल्या चालीलाही एकच घर सरकतं. मुलगा दोन घरं सरकवेल आणि आबाजी हरकत घेतील. तुम्ही मध्ये पडू नका, ताई. पांढऱ्या सोंगट्या मुलाला द्या आणि पहिली चाल या रविवारीच पाठवायला सांगा.